रूपकातली देसची चाल कागदावर आणताना: एक प्रकरण

पुण्यात असे ग्रुप आता बरेच झालेत, ज्यात अर्धी मंडळी सारेगम वाचणारी आणि अर्धी पाच रेघा वाचणारी. हे प्रकरण अशाच एका ग्रुपचं आहे. नारायण पेठेतले एक काका, आयुष्यभर हार्मोनियम वाजवलेले, स्वतःच्या चाली बांधतात, त्यातली देस रागातली आणि रूपक तालातली एक चाल गणपतीतल्या कार्यक्रमात वाद्यवृंदासकट करायची ठरली. काका स्वतः गाणार आणि कीबोर्ड धरणार, दोघी कोरसला, तबला, बासरी, एक ट्रिनिटीच्या पाश्चात्त्य संगीताच्या परीक्षा दिलेली व्हायोलिनवाली मुलगी, एक कॉलेजमधला मुलगा अल्टो सॅक्सवर आणि क्लॅरिनेटला मास्तर, म्हणजे लग्नाच्या बँडमध्ये हयात घालवलेले गृहस्थ, स्टाफ नोटेशन धडाधड वाचतात. माझ्याकडे अरेंजमेंट आणि नोटेशनचं काम आलं तेव्हा एक तालीम होऊन गेली होती आणि ती पार फसली होती.

फसली कशी ते आधी सांगतो, कारण सगळी केस त्यातच आहे. ग्रुपमधल्या एका हौशी पोरानं काकांचा कीबोर्ड यूएसबीनं लॅपटॉपला लावला, काकांनी संपूर्ण चाल वाजवली, त्यानं ती मिडी फाइल म्हणून सेव्ह केली आणि थेट म्युझस्कोअर या नोटेशन लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून प्रिंट मारली, अप्पा बळवंत चौकातून झेरॉक्स काढून सगळ्यांना वाटली. कल्पना चांगलीच होती. पण मास्तरांनी कागद हातात घेतला आणि पहिल्या ओळीतच थांबले. चौसष्टांश सुरांचे पुंजके, एकेका सुराला तीन तीन टाय (दोन सूर जोडून एक लांब सूर करणारी कमान), मधेच अर्ध्या सोळांशाची विश्रांती, आणि कोमल निषाद आला की तिथे धैवताच्या रेघेवर नॅचरलची खूण. मास्तर म्हणाले, "हे वाजवता येईल हो, पण हे गाणं आहे असं वाटत नाही."

बरं, कॉम्प्युटर यात चुकीचं काहीच करत नव्हता, आणि हे लोकांना पटवणं सगळ्यात अवघड जातं. मिडी ही नोटेशनची भाषाच नाहीये. १९८३ मध्ये ती आली ती एका कंपनीचा सिंथ (सिंथेसायझर) दुसऱ्या कंपनीच्या सिंथला जोडता यावा म्हणून, त्या वर्षीच्या नॅम या वाद्यांच्या प्रदर्शनात सिक्वेन्शियलचा प्रॉफेट-६०० आणि रोलंडचा ज्युपिटर-६ एका वायरनं जोडून दाखवले होते. त्या वायरमधून काय जातं, तर कुठली पट्टी दाबली, किती जोरात दाबली, कधी सोडली. पट्टीला ० ते १२७ मधला एक आकडा. सूर कोमल निषाद आहे का शुद्ध धैवताच्या वरचा कुठला तरी सूर आहे, तो मात्रेवरचा आहे का कणस्वर (ओझरता लागणारा सूर) आहे, हे त्या आकड्यात नसतंच. बोटांनी काय केलं ते मिडी सांगते. वाचणाऱ्याला काय हवंय ते माणसानंच ठरवायला लागतं. त्यामुळे मी पहिल्याच दिवशी सांगितलं की दोन फाइली ठेवायच्या, एक ऐकायची आणि एक वाचायची, आणि वाचायच्या फाइलीत ऐकायच्या फाइलीतलं अर्ध्याहून कमी जाईल.

आता एकेक घेतो.

सगळ्यात आधी लय. काका मेट्रोनोमच्या टिकटिकीवर वाजवूच शकत नाहीत, त्यांना ठेका लागतो, आणि ठेका असला तरी ते सूर मुद्दाम जरा मागे टाकतात, त्यातच तर मजा आहे. पण सॉफ्टवेअरला ही मजा कळणार कशी? समजा एका मात्रेचे ४८० टिक्स धरले तर सोळांश येतो १२० टिक्सचा. काकांचा सूर ५०-६० टिक्स मागे पडला की तो बरोबर मधोमध लटकतो, मात्रेवरचाच सूर उशिरा आलाय का पुढच्या सोळांशावरचा लवकर आलाय हे मशीनला ठरवता येत नाही, मग ते बापडं खरोखर आलं तिथे लिहून टाकतं आणि टायच्या माळा तयार होतात. त्यात पहिलं रेकॉर्डिंग ठेक्याशिवाय झालेलं, म्हणजे बारच्या रेघा काकांच्या समेवर पडल्या असत्या तर तो योगायोगच.

म्हणून पुन्हा रेकॉर्ड केलं. रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये टेम्पो पक्का केला, त्याच टेम्पोला रूपकाचा ठेका लूपवर लावला, तीं तीं ना, धी ना, धी ना, आणि काकांच्या एका कानात तो दिला. आता सम कुठे आहे हे काकांना ठेक्यावरून कळत होतं आणि कॉम्प्युटरला टेम्पोवरून, दोघांचं एकमत झालं.

इथे एक भानगड झाली ती सांगायला हवी कारण ती हमखास होते. काका म्हणायला लागले की पट्टी दाबली की सूर उशिरा येतोय, हात अडखळतोय. लॅपटॉपमधून आवाज येत होता आणि बफर, म्हणजे लॅपटॉप आवाज साठवून मग सोडतो तो साठा, १०२४ सॅम्पलचा होता, ४४.१ किलोहर्ट्झला त्याचे २३ मिलिसेकंद होतात, वर बाकीचा उशीर वेगळाच. हार्मोनियमवर वाढलेल्या माणसाला हे लगेच जाणवतं. बफर २५६ केला की जवळपास ६ मिलिसेकंद होतात, पण जुन्या लॅपटॉपवर मग आवाज फाटतो. सोपा उपाय असा की कॉम्प्युटरचा कीबोर्डचा आवाज बंदच करायचा आणि काकांनी कीबोर्डच्या स्वतःच्या स्पीकरवर ऐकायचं, मिडी गुपचूप रेकॉर्ड होत राहते. नोटेशनसाठी रेकॉर्ड करताना लॅपटॉपमधला भारी पियानो कोणाला हवाय?

मग क्वांटाइझ, म्हणजे मागेपुढे पडलेले सूर जवळच्या ठरलेल्या जागेवर सरकवणं. ऐकायच्या फाइलीत मी हात लावला नाही, काका जसे मागे टाकतात तसंच ठेवलं. तिची कॉपी घेऊन सोळांशाला क्वांटाइझ केली, त्यातले कणस्वर हातानं काढून ग्रेस नोट, म्हणजे मुख्य सुराआधीचे बारीक सूर, केले, आणि टेम्पोच्या खुणेशेजारी "सूर जरा मागे ठेवून" असं लिहिलं. एवढ्या चार शब्दांनी पानभर टाय वाचले.

मात्रेला काय धरायचं हाही प्रश्न होता. ७/८ धरलं असतं तर मात्रेत चार सूर आले की ते बत्तिसांश, कागद काळा. ७/४ धरलं, एक आवर्तन म्हणजे एक बार, ३+२+२ असे गट आणि गटांमध्ये तुटक रेघ. सगळ्यांना एका नजरेत कळलं. पण एक चूक ७/४ लिहिल्यानं होतेच होते आणि ती फार महत्त्वाची आहे. पाश्चात्त्य पद्धतीनं वाचणारा माणूस बारच्या पहिल्या मात्रेवर जोर देतो, ते त्याच्या अंगातच असतं. रूपकात समेवरच खाली, म्हणजे बिनजोराची जागा, असते, तिथे तीं आहे, बायाँचा घुमारा नाही, तो येतो चौथ्या आणि सहाव्या मात्रेवर, धी ना धी ना मध्ये. सॅक्सवाला मुलगा पहिल्या मात्रेवर असा काही फुंकर मारायचा की रूपक जाऊन भलतंच काहीतरी चाललंय असं वाटायचं, आणि तबलजी दर आवर्तनाला त्याच्याकडे बघायचे. त्याच्या पार्टमध्ये मी पहिल्या मात्रेवर सूरच ठेवला नाही, जिथे शक्य तिथे विश्रांती टाकली आणि चौथ्या, सहाव्यावर आडव्या रेघेची खूण दिली. दोन-चार आवर्तनांत ताल बसला. हे काम कुठलंच सॉफ्टवेअर तुमच्यासाठी करणार नाही.

आता सुरांच्या नावांकडे. काका काळी एक मध्ये गातात, म्हणजे त्यांचा षड्ज त्या पट्टीवर. पियानोच्या भाषेत तिला सी शार्प म्हणा नाहीतर डी फ्लॅट, पट्टी एकच. पण कागदावर फरक जमीन-अस्मानाचा. सी शार्प मेजर म्हणजे सात शार्प, कोणी वाचणार नाही. डी फ्लॅट म्हणजे पाच फ्लॅट, तेही जड वाटतं, पण बघा, बी फ्लॅट क्लॅरिनेट लिहिल्यापेक्षा एक पूर्ण सूर खाली वाजतं, त्याचा पार्ट तेवढाच वर लिहायचा असतो, म्हणजे मास्तरांना ई फ्लॅट मेजर येतं, तीनच फ्लॅट, आणि ई फ्लॅट अल्टो सॅक्सला बी फ्लॅट मेजर, दोनच फ्लॅट. दोघं खुश. कोणीतरी सुचवलं की अर्धा सूर वर घेऊन पांढरी दोन, म्हणजे डी, करू, व्हायोलिनला सोपं जाईल. मग क्लॅरिनेटला चार शार्प आणि सॅक्सला पाच, शिवाय काकांचा तार पंचम ताणला जाणार. गाणाऱ्याच्या गळ्यापुढे बाकी सगळं दुय्यम, हे माझं मत स्पष्ट आहे.

राहिली व्हायोलिनवाली. डी फ्लॅट मेजरमध्ये जी, डी, ए, ई यातली एकही मोकळी तार बसत नाही, बिचारीला प्रत्येक सूर दाबूनच काढायला लागतो आणि आवाज कोंडल्यासारखा येतो. तिला म्हटलं चारही तारा अर्धा सूर खाली उतरव. उतरवल्यावर त्या झाल्या जी फ्लॅट, डी फ्लॅट, ए फ्लॅट, ई फ्लॅट, म्हणजे काळी एकच्या हिशोबात म, सा, प, रे! देसला याहून चांगलं काय पाहिजे, आरोहातच सा रे म प आहे. आणि म्युझस्कोअरमध्ये तिच्या स्टाफला अर्धा सूर खालचं ट्रान्सपोझिशन लावून टाकलं की तिला कागदावर साधं डी मेजर दिसतं, दोन शार्प, बोटं नेहमीच्या जागी. ती वाजवते डी, ऐकू येतं डी फ्लॅट. मास्तरांना ही युक्ती इतकी आवडली की त्यांनी तिचा कागद मागून घेऊन बघितला.

कोमल निषादाचं कोडंही यातलंच. देसमध्ये चढताना शुद्ध निषाद, उतरताना कोमल. डी फ्लॅटमध्ये शुद्ध निषाद सी आणि कोमल निषाद सी फ्लॅट. पण मिडीच्या दृष्टीनं सी फ्लॅट आणि बी ही एकच पट्टी, एकच आकडा, त्यामुळे सॉफ्टवेअरनं सरळ बी नॅचरल लिहिलं. आणि बी फ्लॅट आहे धैवत. म्हणजे वाचणाऱ्याला काय दिसतं तर नॅचरल लावलेला धैवत. वर ट्रान्सपोज झाल्यावर क्लॅरिनेटला सी शार्प आणि सॅक्सला जी शार्प, फ्लॅटच्या पार्टमध्ये मधेच शार्प उगवलेले. मूळ स्कोअरमध्ये तो सूर सिलेक्ट करून जे दाबलं की स्पेलिंग बदलतं, सी फ्लॅट होतं, आणि मग मास्तरांना आपोआप डी फ्लॅट, सॅक्सला ए फ्लॅट, उतरतानाचा निषाद निषादाच्याच जागी. कंटाळवाणं काम आहे, एकेक सूर बघत जायचं, पण राग कागदावर दिसायचा असेल तर याला पर्याय नाही.

मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं. इथे काकांनी मला खरंच चकित केलं होतं. हार्मोनियमवर मींड येत नाही हे शल्य त्यांना कायम होतं, त्यामुळे कीबोर्डची पिच बेंडची चकती हाताला लागल्यावर ते ती सढळ वापरायला लागले, आणि छान वापरतात. मुखड्यात म वरून प वर जाताना ते म ची पट्टी दाबतात आणि चकती पूर्ण वर नेतात. बहुतेक कीबोर्डवर बेंडची रेंज मुळात दोन अर्धे सूर असते, म ते प बरोबर दोन अर्धे सूर, त्यामुळे चकती टोकाला गेली की नेमका पंचम. कानाला सुरेख प ऐकू येतो. कागदावर? फक्त म. कारण दाबली ती म चीच पट्टी, बेंड हा मिडीत वेगळा संदेश आहे आणि नोटेशनमध्ये उघडताना त्याचा सूर काही होत नाही. पहिल्या तालमीत मास्तर आणि व्हायोलिनवाली मुखड्याच्या शेवटी म वर थांबत होते आणि काका गाताना प वर, आणि कोणालाच कळेना की बेसूर कोण आहे. ते शोधायला मी मिडीचा इव्हेंट लिस्ट उघडला, म च्या खाली बेंडचे आकडे ८१९२ पासून चढत १६३८३ पर्यंत गेलेले दिसले, ८१९२ म्हणजे चकती मधोमध. मग जिथे जिथे आकडे असे टोकाला गेले तिथे हातानं प लिहिला, दोन्ही सुरांवर स्लर आणि मध्ये तिरकी रेघ. आणखी एक, बेंड अख्ख्या चॅनेलला लागतो, एका सुराला नाही. डाव्या हातानं षड्ज धरून उजव्यानं मींड घेतली की षड्जही वर सरकतो. कीबोर्ड स्प्लिट करून डावा हात वेगळ्या चॅनेलला टाकला, प्रश्न मिटला.

अरेंजमेंटबद्दल थोडं. सिंथवर डेमो केला की सगळंच शक्य वाटतं. काकांचा डावा हात खालच्या पंचमापर्यंत सहज जायचा आणि ती ओळ सॅक्सला द्यायची असं सगळ्यांच्या मनात होतं. अल्टो सॅक्सचा सगळ्यात खालचा लिहिलेला सूर बी फ्लॅट, कानाला येतो डी फ्लॅट, म्हणजे काळी एकच. खालचा षड्ज, बस, त्याखाली वाद्यच नाही. म्युझस्कोअर असे सूर लाल दाखवतं, ते लाल सूर गंभीरपणे घ्या. आणि सिंथमधला सॅक्स श्वास घेत नाही, माणूस घेतो. त्याच्या पार्टमध्ये श्वासाला जागा ठेवली, दोन-दोन आवर्तनांनी क्लॅरिनेटकडे ओळ सोपवली.

स्ट्रिंग्जचा पॅड काकांना फार प्रिय होता, पूर्ण कॉर्ड धरून ठेवायचे. तानपुऱ्याशी तो लागत नव्हता. कीबोर्डचा शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर (अर्ध्या सुराचे १०० सेंट) असतो, तानपुऱ्यात ऐकू येणारा स्वयंभू गंधार साधारण ३८६ वर, १४ सेंटचा फरक, लांब धरलेल्या सुरात तो बोचतो. बऱ्याच कीबोर्डवर स्केल ट्युनिंग असतं, त्यात ग उणे १४, ध उणे १६, शुद्ध नि उणे १२ असं करता येतं, आम्ही केलंही. पण मी काकांना विनंती केली की पॅडमधून गंधार काढूनच टाका, फक्त सा आणि प धरा, गंधार तुमच्या गळ्यातून येऊ दे. ते दोन मिनिटं गप्प बसले, मग तसं वाजवून बघितलं आणि म्हणाले, "हं. मोकळं झालं."

दुसऱ्या बाजूला सारेगम वाचणाऱ्यांचा कागद. भातखंड्यांची पद्धत सगळ्यांना येते, मंद्राला खाली टिंब, तारला वर टिंब, कोमलाला खाली रेघ. आधी हे सगळं म्युझस्कोअरमध्ये सुरांखाली लिरिक्स म्हणून घालायचा प्रयत्न झाला होता, पण टिंबं देवनागरी फॉन्टमध्ये नीट बसत नाहीत, मधेच तुटक गोल उमटतो. मी तो नाद सोडला आणि स्प्रेडशीट घेतली. एक आवर्तन म्हणजे एक ओळ, सात रकाने, तिसऱ्यानंतर आणि पाचव्यानंतर जाड रेघ. एका मात्रेतले सूर एका रकान्यात, त्यामुळे खालच्या कंसाची गरजच नाही. कोमलाची रेघ अंडरलाइननं होते, आणि टिंबं प्रिंट काढल्यावर काळ्या पेनानं दिली, कोरसवाल्या दोघींनीच बसून दिली. दोन्ही कागदांवर कडव्यांना एकच आकडे, आणि आवर्तनाचे नंबरही तेच, म्हणजे काका म्हणाले "सतरापासून" की आठही जण एकाच जागी येतात. सगळ्या कामात तालमीचा वेळ कशानं सर्वात जास्त वाचला असेल तर या नंबरांनी.

पाच रेघांच्या कागदाचा आकार वाढवला. म्युझस्कोअरचा डिफॉल्ट स्टाफ ७ मिमी उंच असतो, मास्तरांसाठी ८ केला, चष्म्याचा विषय निघाला नाही.

आणि ताना? त्या लिहिल्याच नाहीत. काकांचा आग्रह होता की एवढं सगळं कॉम्प्युटरवर होतंय तर तानाही उतरव. पण ते प्रत्येक वेळी वेगळ्या घेतात आणि तशाच घ्याव्यात. तिथे एक आवर्तन रिपीटच्या खुणांत टाकलं, वर लिहिलं "काकांच्या तिहाईपर्यंत", आणि तिहाईचं आवर्तन सगळ्यांच्या पार्टमध्ये बारीक क्यू नोट्समध्ये (दुसऱ्याचं काय चाललंय ते दाखवणारे सूर) दिलं म्हणजे आता उठायचंय हे कळतं. भातखंड्यांनी नोटेशन केलं तेही चीजेचा सांगाडाच लिहिला, बाकीचं गुरूच्या तोंडून यायचं. कागदावर किती ठेवायचं याचा तो अंदाज अजूनही लागू पडतो असं मला मनापासून वाटतं.

कार्यक्रमात मुखडा सगळ्यांचा एकत्र आला, प वर. सॅक्स दुसऱ्या कडव्यात एकदा समेवर जोरात आला, बाकी रूपक टिकलं. क्लॅरिनेटची म-प मींड मात्र काकांसारखी झाली नाही, रेघ काढून ती कळत नाही, मास्तर आता काकांकडे बसून ती ऐकूनच घेतायत.

फाइली तीन प्रकारे ठेवल्यात, मूळ मिडी, म्युझिकएक्सएमएल (नोटेशनच्या वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडणारी फाइल) आणि पीडीएफ. हा हट्ट माझाच. फिनाले हे नोटेशनचं सॉफ्टवेअर १९८८ पासून चालू होतं, ऑगस्ट २०२४ मध्ये कंपनीनं ते बंद केल्याचं जाहीर केलं, आणि व्हायोलिनवालीच्या सरांची बरीच कामं त्यातच होती. ती त्यांनी म्युझिकएक्सएमएलमध्ये काढली म्हणून दुसरीकडे उघडता आली. काकांच्या चाली त्यांच्या वह्यांत आणि कॅसेटींत आहेत, त्या अशा एका सॉफ्टवेअरच्या भरवशावर टाकायच्या नाहीत.

पुढची चाल झपतालात आहे, २+३+२+३, राग भीमपलास. ग आणि नि दोन्ही कोमल, म्हणजे ट्युनिंगचं टेबल पुन्हा लावायचं, आणि काळी एकच्या हिशोबात कोमल गंधार येतो एफ फ्लॅट, जो मिडीवरून उघडला की सॉफ्टवेअर ई नॅचरल लिहिणार. हे आधीच नोंदवून ठेवलंय. या वेळी काकांनी स्वतःच सांगितलंय की रेकॉर्ड करताना चकतीला हात लावणार नाही, मींड गाऊन दाखवेन, तू जागा लिहून घे.